चार डिस्कांची वाटणी

माझ्या नातवंडांनो, हे तुम्हा पाचही जणांसाठी लिहिते आहे. तुमच्यापैकी दोघांना मराठी नीट वाचता येतं. त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं, घाई न करता. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जड गेलं नसतं, कारण माझं सगळं शिक्षण सोलापूरला इंग्रजी शाळेत झालं. पण ज्याबद्दल लिहायचं आहे ते आमच्या धाराशिवच्या मराठीत बोललं गेलं होतं. ते दुसऱ्या भाषेत नेलं तर उरलेलं थोडंसुद्धा हातचं जाईल.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. मागच्या उन्हाळ्यात तुमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने मला व्हिडिओ कॉलवर विचारलं, “आजी, आजोबांना आवाज होता का?”

मागून त्याच्या आईचा आवाज आला, “असं विचारतात का रे?”

“पण ते सगळ्या व्हिडिओत गप्पच असतात!”

“होता,” मी म्हणाले.

“मोठा की छोटा?”

“मोठा. जिन्यात बोलले तर खालच्या चहावाल्याला कळायचं.”

“मग ऐकव ना.”

तेव्हा मी म्हणाले, हो, आहे, ऐकवते. ते ऐकवायला मला इतके महिने लागले. म्हणून आता सगळं एकदाच, क्रमाने लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमच्यातला थोरला नुकता शाळेत जाऊ लागला होता. बाकीचे पाळण्यात होते, किंवा अजून यायचे होते. त्यानंतर ते बोलले नाहीत. काही हवं असलं की टेबलावर बोटं वाजवायचे. दोनदा वाजवलं की चहा, एकदा वाजवलं की नुसतंच ‘इकडं बघ’. चांगला कॅमेरा असलेले फोन आमच्या घरात आले ते त्यानंतरच. त्याआधीचे व्हिडिओ म्हणजे लग्नांचे, आणि त्यांत माणसांचे आवाज काढून सगळीकडे सनई लावलेली. म्हणून तुमच्याकडे आजोबा हसतात, मान डोलावतात, केक कापताना टाळ्या वाजवतात, पण बोलत नाहीत. त्यांचा आवाज फक्त एका ठिकाणी होता. आमच्या क्लासच्या सर्व्हरमध्ये.

बसस्थानकामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचा क्लास होता. आधी टायपिंगचा, नंतर कॉम्प्युटरचा. इंग्रजी टायपिंग, पेपर तपासणं, हजेरी हे माझ्याकडे, कॉम्प्युटर आजोबांकडे. सर्व्हर म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांचं एकच कोठार. मूल कुठल्याही मशीनवर बसो, त्याने केलेलं काम मागच्या खोलीतल्या या काळ्या लोखंडी पेटीत जाऊन साठायचं. आजोबांनी ती पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुनीच आणली होती. तिचा आवाज इतका, की मुलं तिला गिरणी म्हणायची. “बाई, गिरणी गप झाली,” असं कोणी ओरडलं की समजायचं, वीज गेली. खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल असायचं, माझ्या जुन्या टाइपरायटरच्या शेजारी.

पेटीच्या तोंडाशी चार खण होते आणि प्रत्येकात एक डिस्क. आजोबांना त्या चार डिस्कांचा फार अभिमान. कोणी पाहुणा आला की त्याला मागच्या खोलीत नेऊन सांगायचे, “ह्यातली कुठली बी एक मेली ना, तरी काय जात न्हाय. बाकीच्या सांभाळून घेत्यात.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की चहा गाळता गाळता मीच ते पुरं करायची.

आता आवाज तिथे कसे गेले ते सांगते. कोर्सची शेवटची परीक्षा आजोबांनी स्वतःच्या डोक्याने बसवली होती. प्रत्येक मुलाने घरातलं एक म्हातारं माणूस क्लासला आणायचं. त्याला माईकसमोर बसवायचं, दोन-चार मिनिटं बोलतं करायचं, आणि मग कॉम्प्युटरवर ते बोलणं साफ करायचं. साफ करायचं म्हणजे पुढचा-मागचा फापटपसारा कापून टाकायचा, खुर्ची ओढल्याचा, खाकरल्याचा, ‘सुरू करू का?’ असं विचारल्याचा. फाइल म्हाताऱ्या माणसाच्या पहिल्या शब्दाने सुरू व्हायला हवी. साफ केलेली प्रत मुलांना सीडीवर मिळायची, आणि मूळ, अख्खं ध्वनिमुद्रण सर्व्हरमध्ये राहायचं.

भूमहून, सास्तूरहून, लोहाऱ्याकडून म्हातारी माणसं एसटीने यायची. काही जणी तर खणाची चोळी, नथ असा सगळा साज करून. सास्तूरच्या एका आजीने भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पहिली चूल कशी मांडली ते सांगितलं होतं. एका आजोबांना बैलांच्या खोडींबद्दल बोलायचं होतं, आणि ते रंगात आले की कानडीत शिरायचे. सगळ्यांना माईकची भीती. प्रत्येकाला तुमचे आजोबा शेजारी बसून तेच सांगायचे, “लाल दिवा लागला की बोलायचं. दिवा तुमाला खात न्हाय.” प्रत्येक वेळी ते म्हातारं माणूस हसायचं आणि मग मोकळं बोलायचं.

म्हणजे प्रत्येक मूळ ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आजोबा होते. आणि प्रत्येक साफ केलेल्या प्रतीतून ते कापलेले होते. मी तपासायला बसले की कापणी किती नेटकी झाली ते पाहून गुण द्यायची. ते कधी कधी म्हणायचे, “असू दे की थोडं पुढं-मागं. माणूस एकदम बोलाया लागतंय व्हय?”

“परीक्षा आहे,” मी म्हणायची.

आजोबा गेल्यावर क्लास बंद झाला. जागेच्या मालकाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं. कॉम्प्युटर एकेक करून गेले. सर्व्हर उरला. माझ्या दोन खोल्यांत तो मावणारा नव्हता, आणि मावला असता तरी त्या आवाजात मला झोप लागली नसती. विकायचं ठरलं. माझा थोरला मुलगा कॅनडातून म्हणाला, “आई, पेटी विक. पण डिस्क काढून ठेव. सगळे आवाज त्यात आहेत.” ते अगदी बरोबर होतं. पुढचा प्रश्न असा की डिस्क ठेवायच्या कोणी.

इथे तुम्हाला घरातली एक जुनी गोष्ट माहीत हवी. आजोबांच्या वडिलांमागे भूमच्या घरात भांड्यांची वाटणी झाली, ती नीट झाली नाही. एका तांब्याच्या घंगाळ्यापायी दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं ते शेवटपर्यंत. त्यातले एक तुमचे आजोबा. घंगाळं भावाकडे गेलं. त्याला भोक पडलं तरी त्यांनी ते डागून आणलं, पण इकडचा उंबरा ओलांडला नाही. तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरात जे वाटायचं ते रीतीने वाटायचं. रीत अशी, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. मग वाटे आपोआप सारखे होतात.

आणि इथे तर वाटे देवानेच करून ठेवल्यासारखे. डिस्क चार, आणि आम्ही चौघं: दोन मुलगे, एक मुलगी, मी. एक मेली तरी काही जात नाही, म्हणजे चारींत सगळंच आहे, असं मी धरून चालले होते. मुलांनीही तेच धरलं. वडिलांचं ते वाक्य त्यांच्याही कानात होतं. ज्याला त्याला वडिलांचा आवाज आपापल्या घरी मिळेल, कोणी कोणाकडे मागायला नको, असं आम्हाला वाटलं.

मी पलंगावर स्वच्छ चादर अंथरली, चार डिस्क ओळीने मांडल्या, फोन उशीला टेकवून उभा केला. थोरल्याने कॅनडातून सांगितल्याप्रमाणे मी वाटे सरकवले.

“आई, सगळ्या सारख्याच दिसतात,” धाकटा ऑस्ट्रेलियातून म्हणाला.

“म्हणूनच भांडण नाही. उचल.”

“डावीकडून दुसरी. नाही, थांब, पहिली.”

“नीट बघून घे रे,” मुलगी हॉलंडहून म्हणाली. “नंतर म्हणशील दादाने चांगली लाटली.”

“मी काय लाटणार? लहानपणापासून मला उरलेलंच मिळतं,” थोरला म्हणाला. “कैरीची कोय मला, गर तुम्हाला.”

“कोय तू मागून घ्यायचास!”

आजोबा गेल्यापासून आम्ही चौघं एकत्र हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा. पुढे जे झालं ते झालं, पण हे हसणं मी वजा करणार नाही. मी प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवली, मलमलच्या तुकड्यात गुंडाळली, आणि दिवाळीला सगळे आले तेव्हा ज्याची त्याच्या हातात दिली. माझी कपाटात ठेवली.

पेटी विकत घ्यायला आले ते आमच्याच गावचे, जुने कॉम्प्युटर घेणारे-विकणारे मियाँभाई. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण दाढी पांढरी. क्लासच्या वेळेपासून ओळख. आत येऊन त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, रिकाम्या खणांत बोट घालून पाहिलं.

“बाई, म्हस घेताना दात बघत्यात. हिचे तर चारी दात तुमी काढून ठिवलेत.”

“दात मुलांना वाटले.”

“असं व्हय? बरं, मग मी बसवतो कवळी. चावायचं काम झालं म्हंजी बास.” मग त्यांनी वायर लावली, बटण दाबलं, आणि मागची खोली पूर्वीसारखी घुमली. मियाँभाईंनी कानांवर हात ठेवले. “या अल्ला! पीठ बी पाडतीय का?”

“पाडायची. मुलं दळण घेऊन यायची.”

किमतीवरून थोडी ओढाताण झाली. आजोबा असते तर जास्त झाली असती. मी पेटी ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुसली. वरच्या पत्र्यावर कुंकवाचा एक ठिपका पुसून निघेना. “राहू द्या,” मियाँभाई म्हणाले, “बरकत असती.” त्यांच्या दोन माणसांनी ती जिन्यावरून उतरवली, टेम्पोत गोणपाटावर आडवी ठेवली. मी वरून म्हणाले, “उभी ठेवा हो, तिला सवय नाही आडवं पडायची.” ते हसले आणि त्यांनी ती उभी केली. मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. मोलाचं होतं ते घरात राहिलं, अशी माझी समजूत होती.

मग तुमच्यातल्या धाकट्याचा तो प्रश्न आला, आणि मी त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या मुलाला, म्हणाले, तुझी डिस्क जोड आणि ऐकव त्याला.

त्याने पोराला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग म्हणाला, “आई, मी ती मागेच जोडली होती. डिस्क रिकामी आहे, तयार करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मला वाटलं माझ्या वाट्याला कोरी आली. मी हो म्हटलं. मुलांची कार्टून भरलीत त्यात.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दादाने वाटे केले होते ना. त्याला वाटलं असतं मी तक्रार करतोय.”

मुलीची डिस्क घर बदलताना टेबलावरून पडली होती. जोडली की नुसती टिकटिकते. थोरल्याची चांगली होती, पण तीही रिकामी दाखवली. त्याने तिला हात न लावता जाणकाराला दाखवली, आणि मग खरं काय ते कळलं. तुम्हाला सोपं करून सांगते. पत्ते वाटतात तसं ही पेटी प्रत्येक आवाज तुकडे तुकडे करून चारी डिस्कांना वाटते. कोणाच्याही हातात अख्खा डाव नसतो. एक हात कमी असला तर उरलेल्या तिघींच्या पत्त्यांवरून त्याचे पत्ते काढता येतात; आजोबा सांगायचे ते हेच. पण दोन हात गेले की डाव गेला. आमचे दोन गेले होते. पुण्याला चौकशी केली, तिथेही तेच सांगितलं: चारांतल्या तीन आणा.

म्हणजे चारी डिस्क एकाच्याच पदरात राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या. भांडण होऊ नये म्हणून आम्ही ज्या रीतीने वाटल्या, त्या रीतीनेच त्या गेल्या. त्या रात्री तिघांचेही फोन आले आणि तिघांनीही आपलीच चूक आहे म्हणून सांगितलं. मी त्यांना गप्प केलं. चादर मी अंथरली होती, रीत भूमच्या घराची होती, वाक्य आजोबांचं होतं. कोणा एकाचं नाव घेण्यासारखं त्यात काही नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

तरी मी मियाँभाईंकडे गेले. पेटीत काही राहिलं असेल, अशी वेडी आशा. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

“बाई, जुन्या दातांचं चावलेलं कवळीला कसं कळावं?” मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “माफ करा. चला, दाखवतो तुमाला तुमची गिरणी.”

मार्केट यार्डात एका आडत दुकानाच्या मागे, सोयाबीनच्या पोत्यांपलीकडे ती उभी होती. आवारातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण आता तिच्यात साठतं. आवाज तोच. मुनीम म्हणाला, “लई बोंबलती, पर बंद न्हाय पडत.” मी तिच्या पत्र्यावर हात ठेवला. कोमट होता. कुंकवाचा ठिपका तिथेच होता.

मग मी जुन्या विद्यार्थ्यांचा माग काढू लागले. टायपिंगच्या क्लासमुळे गावातल्या निम्म्या ऑफिसांत माझं कोणी ना कोणी असतं. बहुतेकांच्या सीडी हरवल्या होत्या किंवा चरे पडून बाद झाल्या होत्या. काहींनी मात्र जपल्या होत्या, फोनवर उतरवून घेतल्या होत्या. कचेरीतल्या एका कारकुनाने मला भूमच्या त्याच्या आजोबांचं बोलणं ऐकवलं. ते सुरू होतं असं: “न्हाय वो, म्या कशाला भ्येतो?” आणि मोठं हसू. कशाला हसले, ते त्यात नव्हतं. मला माहीत होतं. दुसऱ्या एकीच्या पणजीचं बोलणं “बरं, बसते हितंच,” असं सुरू व्हायचं. जिथे तिथे म्हातारी माणसं कोणाला तरी उत्तर देत होती, आणि ज्याला देत होती तो नेटकेपणाने कापलेला. किती सुंदर कापणी होती ती! एका फाइलला मी पैकीच्या पैकी गुण दिल्याचं मला चांगलं आठवत होतं. ती ऐकून मी घरी आले आणि पुढे काही दिवस कोणाकडे गेले नाही.

मग शेजारच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या एक बाई स्वतःच माझ्याकडे आल्या. त्या आमच्या विद्यार्थिनी. मी आवाज शोधते आहे हे त्यांना कचेरीतून कळलं होतं.

“बाई, मी आली असती आधीच, पन लाज वाटली. माझ्या गुणांचा कागद तुमी लाल शाईनं भरला हुता.”

“का बरं?”

“पुढचं कापलंच नव्हतं. मला ते कापायचं जमायचंच न्हाय, कुठं कापावं ते कळायचं न्हाय. सर म्हणले, राहू दे. तुमी म्हणलात, अर्धवट काम. आन् नापास केलंत.”

त्यांनी फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्यांच्या नानीचं बोलणं लावलं.

आधी पंख्याची घरघर, आणि तिच्याखाली गिरणीची. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग खाकरणं. ते खाकरणं ऐकताच मी टेबलाची कड धरली. आणि मग ते बोलले, “खाला,” म्हणजे मावशी, “हिकडं बसा. लाल दिवा लागला की बोलायचं. दिवा तुमाला खात न्हाय.”

“खाल्लं तो तुमचंच नाव सांगीन, मास्तर,” नानी म्हणाल्या, आणि आजोबा हसले. खळखळून, खालच्या चहावाल्याला ऐकू जाईल असे. त्यानंतर नानी त्यांच्या लहानपणीच्या विहिरीबद्दल बोलतात, ते तुम्ही सगळं ऐका, फार छान आहे. आणि शेवटी पुन्हा ते: “बास. लई ग्वाड बोललात.”

आम्ही दोघींनी ते पुन्हा लावलं. मग त्या म्हणाल्या, “बाई, आता तरी पास करा.” मी त्यांचा हात हातात घेतला. बोलता मला येईना, आणि बोटं मात्र आपोआप टेबलावर दोनदा वाजली. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी उठून चहा ठेवला.

आता काय उरलं आहे ते सांगते. पेटी मार्केट यार्डात आहे आणि चालते. दोन डिस्क धड आहेत, एक कॅनडात आणि एक माझ्या कपाटात, मलमलच्या तुकड्यात. त्यांतून काही ऐकू येत नाही. आजोबांच्या आवाजातली चार-पाच वाक्यं, एक खाकरणं आणि एक हसू उर्दू शाळेच्या बाईंच्या फोनवर आहे, आता माझ्या फोनवर आहे, आणि आज ती फाइल, पुढचं-मागचं काही न कापता, तुम्हा पाचही जणांना अख्खी पाठवली आहे.